मागचं माणूस

आमच्या घरात हळू बोलणं कुणालाच येत नाही. दिवसभर धबधब्यापाशी उभं राहून ओरडायचं, मग घरी येऊन मीठ मागितलं तरी बाहेरच्याला ते भांडण वाटतं. शेजारी नवं कुटुंब राहायला आलं, तेव्हा आठवड्याच्या आतच ती बाई काळजीने विचारायला आली, की तुमच्याकडे काही बिनसलंय का. सासूबाई तिला म्हणाल्या, अहो नाही, चहात साखर किती घालायची ते ठरवत होतो. बाई मान डोलावून गेली, पण तिचा विश्वास काही बसला नाही.

धबधबे दाखवणं हा आमचा धंदा. बेटाच्या मधोमध डोंगर आहे, त्याच्या पोटातून एक ओढा निघतो आणि समुद्राला मिळेपर्यंत तीन ठिकाणी खाली उडी घेतो. बोटीने आलेले पाहुणे सकाळी आमच्या अंगणात जमतात. खालच्या मजल्यावर बुटांची खोली आहे. भिंतभर फळ्या, फळ्यांवर मापाप्रमाणे लावलेले रबरी बूट, खुंट्यांवर नारिंगी जॅकेटं, आणि दोरीवर कधीच पुरते न वाळणारे मोजे. त्या खोलीची मालकीण सासूबाई. माणूस फाटकातून आत येईपर्यंत त्यांनी त्याच्या पायाचं माप मनात घेतलेलं असतं. बायका एक नंबर कमी सांगतात, पुरुष एक नंबर जास्त सांगतात. सासूबाई सगळ्यांना हो हो म्हणतात आणि त्यांना हवा तोच जोड पुढे करतात.

मी या घरात आले ती शिवणकाम करणाऱ्या घरातून. माझ्या माहेरी पाणी म्हणजे इस्त्रीआधी कापडावर शिंपडायचं तेवढंच. लग्नानंतर सासूबाईंनी माझ्या हातात बांगड्यांऐवजी बूट ठेवले आणि सासऱ्यांनी मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. मला वाटलं, बघा, आल्या आल्या मला पुढारीपण मिळालं. महिनाभर मी त्याच तोऱ्यात होते. मग नवऱ्याने हसत हसत सांगितलं, की आपल्याकडे नवशिक्यालाच पुढे घालतात.

कारण आमच्यात खरा प्रमुख सगळ्यांत शेवटी चालतो. पुढच्याला फक्त वाट दिसते, मागच्याला माणसं दिसतात. कुणाचा पाय घसरतो, कुणाचा श्वास फुलतो, कोण बायकोसमोर बढाई मारत नको त्या दगडावर चढतो, हे सगळं पाठीमागूनच कळतं. किती पुढे जायचं, कुणाला वाटेत बसवायचं आणि कधी परत फिरायचं, हे मागचं माणूस ठरवतं. पाण्याजवळ बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ते हातांनी सांगतं. हात डोक्यावर फुलीसारखे धरले, की सगळ्यांनी असेल तिथून काठ चढून वर यायचं. ही फुली फक्त मागच्यानेच करायची. दोघांनी दोन खुणा केल्या तर निम्मे इकडे पळतात आणि निम्मे तिकडे, आणि सासऱ्यांच्या तरुणपणी तसं एकदा झालंही होतं. आणखी एक नियम असा, की खूण मिळाली की तिथे वाद घालायचा नाही. जे विचारायचं ते घरी, जेवण झाल्यावर.

दुरून बघणाऱ्याला हे उंटावरून शेळ्या हाकणं वाटेल. पण मी सहा वर्षं पुढे चालले आहे आणि मला ती मागची जागा हवी होती. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मला काम येत होतं आणि मला ते येतं हे मला ठाऊक होतं. सासूबाईंनी माझं नाव तोफ ठेवलं होतं. तोफ मागेच शोभते, असं मी त्यांना एकदा ऐकवलंही.

सासऱ्यांचा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरत होता. ते मान्य करत नव्हते, पण जिना उतरताना ते कठड्याशी काहीतरी बोलायचे. मागची जागा कुणाला द्यायची, हा विषय निघाला की ते पलीकडच्या गावातल्या चुलत दिरांना बोलावून घेऊ म्हणायचे. चुलत दीर म्हणजे उंचापुरा, दणकट माणूस. त्यांना पाणी कळायचं, पण माणसं कळत नव्हती. एकदा त्यांनी एका बाईला चक्कर येत असताना निसर्गाची माहिती सांगितली होती. नवऱ्याला विचारावं तर तो म्हणायचा, मला मधेच बरं, दोन्हीकडून वारा लागतो. तो खांद्यावर दोर घेऊन मधे चालतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं सुखी माणूस बेटावर दुसरं नाही.

म्हणजे मोसम बदलायच्या आत सासऱ्यांनी माझं नाव घेतलं तर घेतलं, नाहीतर मी जन्मभर पुढेच राहून घरामागच्या केळीच्या बागेतून वाट दाखवत राहणार होते.

त्या दिवशी दहा पाहुणे होते. त्यांत एक टोपीवाले गृहस्थ होते. त्यांनी रुंद काठाची टोपी घातली होती आणि ती धबधब्यात भिजू नये म्हणून ते सगळ्या डोंगराला सांभाळून चालायला सांगत होते. त्यांना फक्त तिसरा धबधबा बघायचा होता. पहिले दोन फोटोत पाहिलेत म्हणाले. त्यांची बायको शांत होती. सासूबाईंनी दिलेला बूट बरोबर बसला म्हणून तिने दोनदा आभार मानले होते.

पहिला धबधबा रुंद आणि भोळा आहे. काळ्या खडकावरून पाणी पडद्यासारखं खाली येतं, त्याच्यामागे जाऊन उभं राहता येतं, लहान मुलंही घाबरत नाहीत. तिथे सगळे ओले झाले आणि सगळ्यांचा आवाज वाढला. दुसऱ्याकडे जायला नेच्यांच्या जाळीतून चढ आहे. तो चढला की समुद्र दिसतो, निळा आणि सपाट, त्यावर सकाळची बोट परत निघालेली. मग एकदम थंडी वाजते, कारण दुसरा धबधबा खोल कुंडात पडतो आणि तिथे ऊन पोचतच नाही. टोपीवालेसुद्धा तिथे गप्प झाले होते. मला लोकांचं ते गप्प होणं फार आवडतं. माझ्या हातचं नसलं तरी मला त्याचा अभिमान वाटतो.

तिसऱ्याची वाट ओढ्यातूनच जाते. दोन्ही बाजूंना उंच कातळ, मधे अरुंद घळ, घोट्याएवढं पाणी. आभाळ इथे निळं होतं. पण माथ्यावर ढग बसला होता, आणि माथ्यावर पाऊस पडला की तो आधी घळीला कळतो. मी पुढे होते. एका वळणावर मला पाण्यात पानं दिसली. वाळकी पानं नेहमीच वाहतात, त्यांचं काही नाही. ही हिरवी होती, देठासकट तुटलेली, आणि एकामागून एक येत होती.

मी मागे वळून पाहिलं. पाहुणे, दोर घेतलेला नवरा, मग पुन्हा पाहुणे आणि शेवटी सासरे. सासरे खाली बघत होते. एक हात कातळावर टेकलेला, आणि पाय दोन दगडांच्या मधे काहीतरी शोधत होता. त्यांचं लक्ष वेधायला मी गळ्यातली शिट्टी वाजवली. त्यांनी वर पाहिलं नाही. पुन्हा वाजवली. पुढचे पाहुणे दचकले, नवऱ्याने मान वर केली, सासरे खालीच बघत राहिले.

तेव्हा मी डोक्यावर फुली केली.

नवऱ्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. पुढून फुली ही गोष्ट त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. त्याने मागे वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वडिलांकडे. पाहुण्यांना तर काहीच कळेना. त्या क्षणी मला जे व्हायला नको होतं तेच होत होतं, अर्धे लोक थांबले होते आणि अर्धे माझ्याकडे येत होते. मग सासऱ्यांनी मान वर केली. त्यांना माझे हात दिसले. त्यांनी पाण्याकडेही पाहिलं नाही. सरळ स्वतःचे दोन्ही हात उचलले आणि डोक्यावर फुली धरली.

त्यानंतर सगळं झटपट झालं. नवऱ्याने दोर झाडाला अडकवला, मी पाहुण्यांना एकेक करून काठावर ढकललं, टोपीवाल्यांना जरा जास्तच जोरात. वरच्या सपाटीवर आम्ही दाटीवाटीने बसलो आणि खाली बघत राहिलो. पाणी गढूळ झालं आणि वाढलं. आधी घोट्याच्या वर आलं, मग पोटरीला लागेलसं झालं. मी वाट बघत होते, की आता ते गर्जत येईल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील. ते पोटरीशीच थांबलं. थोड्या वेळाने उतरलंही. टोपीवाले म्हणाले, एवढ्या पाण्यात आमच्याकडे भांडी घासतात.

राईचा पर्वत केला, हे कुणी म्हणालं नाही, पण सगळ्यांचे चेहरे तसंच म्हणत होते. घळ ओली आणि गढूळ होती, तिसऱ्याला जाणं आता शक्य नव्हतं. परतीच्या वाटेवर मी भरभर पुढे चालले. बुटांच्या खोलीत टोपीवाल्यांनी सासूबाईंकडे तक्रार केली. सासूबाईंनी त्यांना उद्या पुन्हा या म्हणून सांगितलं आणि त्यांच्या टोपीतलं पाणी मोरीत ओतून दिलं.

रात्रीचं जेवण मुकाट झालं. आमच्या घरात शांतता म्हणजे शेजारणीलाच काळजी वाटावी असा प्रकार. ताटं उचलली, सासूबाईंनी ओटा पुसला, मग सासऱ्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"पाणी किती आलं?"

"पोटरीएवढं, बाबा."

"म्हणजे चुकलीस."

"चुकले," मी म्हणाले. "उद्या तशीच पानं दिसली तर उद्याही चुकेन. परवाही चुकेन."

नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी तो बाजूला घेतला. गप्प बसायचं होतं तर तोंड कशाला दिलंय देवाने. मी सासऱ्यांना सांगितलं, की नियम मला पाठ आहे आणि मी तो मोडला आहे. पुढच्याने फुली करायची नसते. त्याची काय शिक्षा असेल ती द्या, चुलत दिरांना उद्याच बोलावून घ्या. पण दहा माणसं घळीत असताना मी हिरवी पानं मोजत उभी राहणार नाही. माझा आवाज चढला होता. आमच्याकडे तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

सासरे बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत राहिले. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावलेले सासरे मला चालले असते, त्यांच्याशी भांडता आलं असतं.

"फुलीच्या आधी शिट्टी वाजवली नाहीस?" त्यांनी विचारलं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ओट्याकडे बघत होता. सासूबाईंचा फडका थांबला होता. खोटं बोलायचं मनात आलं, अगदी जिभेच्या टोकावर आलं. दोन अक्षरांचं तर काम होतं, नाही म्हणायचं आणि त्यांचं म्हातारपण झाकायचं. पण ज्या माणसाने पाण्याकडे न बघता माझ्या भरवशावर फुली धरली, त्याच्याशी मला खोटं बोलता येईना.

"वाजवली, बाबा. दोनदा वाजवली."

ते उठले, कठडा धरून जिना चढले. सासूबाईंनी त्यांच्या मागून दिवा लावला आणि त्याही वर गेल्या. त्या वेळी मला ती जागा नकोशी झाली होती. इतकी वर्षं हवी हवी म्हटलं, आणि ती अशी कुणाच्या ऐकू न आलेल्या शिट्टीतून मिळणार असेल तर चुलत दिरांनाच मिळू दे, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, झोप आता, तोफेने एवढा विचार करू नये.

सकाळी टोपीवाले हजर होते, कोरडी टोपी घालून. आभाळ माथ्यापर्यंत स्वच्छ होतं. सासूबाई बूट वाटत होत्या. मी नेहमीप्रमाणे केळीच्या बागेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. सासरे अंगणातून आले, पाहुण्यांच्या रांगेजवळून चालत राहिले, शेवटच्या माणसापाशी थांबले नाहीत, नवऱ्यापाशी थांबले नाहीत, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सरक," म्हणाले.

मला वाटलं मला घरी पाठवतायत. माझे कान तापले. मग त्यांनी हाताने रांगेचं शेवटचं टोक दाखवलं, आणि पाहुण्यांना म्हणाले, की चला, माझ्या मागोमाग या. मी रांगेच्या कडेने मागे गेले. नवऱ्याजवळून जाताना तो नुसता हसला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी त्याला नंतर सांगितलंही आहे.

मागून सगळं वेगळंच दिसतं. टोपीवाले डावा पाय आत टाकतात. त्यांची बायको दमली की बोलायची थांबते आणि दर थोड्या वेळाने नवऱ्याच्या पाठीला हात लावून बघते. पहिल्या धबधब्यापाशी मी पाहुण्यांना थांबायची खूण केली, दुसऱ्यापाशी एकाला कडेवरून मागे बोलावलं, आणि प्रत्येक जण निमूट ऐकत होता. मला काम येत होतं. मी म्हटलंच होतं.

मग घळ लागली, आणि तिथे मला सासरे दिसले.

इतकी वर्षं ते माझ्या मागे होते, मी त्यांना चालताना कधी पाहिलंच नव्हतं. ते प्रत्येक पावलाआधी हाताने कातळ चाचपत होते. डावा पाय उचलला जात नव्हता, ओढला जात होता. एकदा घसरला, त्यांनी सावरलं, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. मी पाहिलं होतं. हे कालचं नव्हतं, कित्येक महिन्यांचं होतं. एवढे दिवस ते असेच आमच्या सगळ्यांच्या मागून येत होते आणि आम्ही सगळे पुढे बघत होतो.

पुढे दोर धरून चढायची जागा होती. तिच्या अलीकडे काठावर उंच, सपाट खडक आहे. ज्याचे पाय साथ देत नाहीत त्याला तिथे बसवायचं आणि येताना घेऊन जायचं, अशी आमची रीत. आजवर तिथे कितीतरी पाहुणे बसले आहेत, कुणी रडून, कुणी रुसून. घरातलं माणूस कधी बसलं नव्हतं.

माझा हात उचलेना. एवढे परके लोक बघत होते. ज्यांनी मला चालायला शिकवलं, ज्यांनी सकाळीच मला ही जागा दिली, त्यांनाच पहिल्या दिवशी बसवायचं? आज जाऊ दे, उद्या घरी बोलू, असंही मनात आलं. पण दोराची चढण आजच होती. आणि त्यांच्या जागी टोपीवाले असते तर मी एवढा विचार केला नसता.

मी शिट्टी वाजवली नाही. ते पुन्हा मागे वळेपर्यंत थांबले. ते वळले, आणि मी हात पुढे धरून तळवा खाली दाबला. बसा.

नवऱ्याने ते पाहिलं आणि मान खाली घातली. सासरे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाहुण्यांना बाजूने वाट करून दिली, कातळाला धरून खडकावर चढले आणि बसले. नवरा दोर घेऊन पुढे झाला. एकेक पाहुणा त्यांच्यासमोरून गेला. टोपीवाल्यांनी त्यांना विचारलं, दमलात का, आणि ते म्हणाले, हो, दमलो.

शेवटी मी खडकापाशी पोचले. पाण्याचा आवाज फार होता. त्यांनी माझी बाही धरून मला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणून ओरडले, घरी ओरडतात तसेच.

"मागे होतो तोवर मला बसवणारं कुणी नव्हतं, पोरी. म्हणून पुढे आलो."

त्यांनी माझी बाही सोडली आणि चढणीकडे बोट केलं. लोक वर पोचत आले होते, टोपीवाल्यांची बायको दोराशी एकटीच उरली होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिला म्हणाले, सावकाश चढा, मी आहे.